स्वागताध्यक्षांचे भाषण



जालन्यात आपलं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाने मांडव, पाणी आणि जेवण पाहावं, भाषण थोडक्यात आवरावं, असा शहाणा रिवाज आहे. मी तो फार मोडणार नाही. पण गावं आणि शहरं नीट आखणाऱ्यांचा गौरव करायला आपण या परिषदेत जमलो आहोत, तेव्हा यजमान म्हणून एक गोष्ट बोलायला हवी.

बक्षिसांचं वावडं आम्हाला नाही. 2000-01 मध्ये आर. आर. आबांनी ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, तेव्हा गावोगावी लोक खराटे घेऊन उतरले, ते स्पर्धेच्या ईर्ष्येनेच. मात्र तपासणी समितीची जीप येण्याआधीची लगबगही आपण सगळ्यांनी पाहिली आहे. चुन्याच्या रेघा ओढायच्या, रांगोळ्या घालायच्या, शाळेच्या पोरांना रस्त्याच्या कडेला उभं करायचं. पुढे निर्मल ग्रामचा फलक लागलेल्या काही गावांत शौचालयात गोवऱ्या रचलेल्या दिसल्या. दोष एकट्या गावाचा कसा म्हणावा? आपण परीक्षाच एका दिवसाची ठेवली होती.

या शहराने हा धडा फार आधी घेतला आहे, म्हणजे घ्यायला हवा होता. जमशेदखानाने इथे मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं, अशी जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे. आजच्या निकषांवर पहिला क्रमांक सहज मिळाला असता. त्याच नोंदीत पुढे नळ बुजल्याचंही लिहिलं आहे. निजामकाळातल्या घाणेवाडीच्या तलावाचं पाणी तर आजही उताराने शहराकडे येतं, त्याला विजेचा पंप लागत नाही. पण तोही गाळाने भरत गेला. 2012-13 च्या दुष्काळात तळ उघडा पडला, तेव्हा नागरिकांनी वर्गणी काढून गाळ उपसण्याचं काम चालवलं आणि तो गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या रानात नेऊन टाकला. तलाव बांधणाऱ्याची नोंद होते. गाळ काढणाऱ्यासाठी पुरस्कारात रकाना कुठे आहे?

याच दुष्काळात कडवंचीत द्राक्षबागा उभ्या होत्या. तिथलं काम 1996 पासूनचं, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातलं. विजयअण्णा बोराडे यांचं मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र गावामागे उभं राहिलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत माती अडवली, बांधबंदिस्ती झाली, मागून शेततळी आली. कार्यक्रम संपल्यावर गाव थांबलं नाही, हे मला त्यातलं सर्वांत मोठं वाटतं. कडवंचीचा निकाल काम संपल्याच्या वर्षी लावला असता, तर तो अर्धाच लागला असता. खरा पेपर 2012 ला होता.

वास्तुकलेच्या आगाखान पुरस्कारात इमारत किमान वर्षभर वापरात असावी लागते, आणि परीक्षक जागेवर जाऊन पाहणी करतात. बाळकृष्ण दोशींच्या इंदूरमधल्या अरण्य वसाहतीला तो 1995 साली मिळाला. तिथे लोकांनी स्वतः वाढवत नेलेली घरं हा त्या आराखड्याचाच भाग होता. आपल्याकडे रंगाचा वास जायच्या आत छायाचित्रं निघतात.

म्हणून परिषदेपुढे माझी मागणी साधी आहे. निम्मं बक्षीस आज द्या, निम्मं पाच वर्षांनी, न कळवता येऊन पाहिल्यावर. आणि सत्काराला आराखडा काढणाऱ्याबरोबर व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्यालाही वर बोलवा. कोणत्या गल्लीत पाणी चढत नाही, हे नकाशापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं. 2023 साली जालन्याची महानगरपालिका झाली. नव्या हद्दी, नव्या वसाहती, समृद्धी महामार्गालगतच्या जमिनींचे वाढलेले भाव, हे सगळं आमच्या दारात आहे. तेव्हा ही मागणी आम्हालाही अडचणीची ठरेल, याची कल्पना आहे.

उद्या सकाळी सात वाजता घाणेवाडी आणि कडवंचीसाठी गाड्या सुटतील. शिवारात चालावं लागेल, पायात बूट असू द्या. व्यवस्थेत काही कमी पडलं तर थेट मला सांगा, कार्यकर्त्यांवर रागावू नका. आता अध्यक्ष महोदयांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.