खाली डोकं करून उतरणारी शिलींध्री

आज कर्ज-हप्त्यांचं बोलायचं नाही असं ठरवून आले होते, पण ते येणारच.

आमच्या गटातल्या एका मावशींच्या बांधावर जुना मोह आहे. खोडाला भोकं पडलेली, वरची एक फांदी वाळलेली. फेब्रुवारीत त्यांचा हप्ता थकला आणि नेमका लाकडाचा व्यापारी दारात आला. खरं सांगते, "पोखरलेलं झाड ठेवून काय करता, द्या विकून," असं मीच म्हणाले.

झाड बघायला गेलो, तर खोडावर एक पाखरू. चिमणीहून लहान, पाठ निळसर राखाडी, पोट तांबूस, डोळ्यावरून काळी रेघ. खाली डोकं करून सरसर उतरत होतं! ही शिलींध्री. सुतारपक्षी शेपटीचा टेकू घेऊन खोडावर चढतो. हिला टेकू लागत नाही. एक पाय वर अडकवते, दुसरा खाली रोवते आणि नखांच्या जोरावर वर, खाली, आडवी कशीही फिरते. सालीच्या फटीतले किडे, कोळी टिपते. टणक बी मिळालं तर ते फटीत घट्ट बसवून चोचीनं फोडते.

तिच्या चोचीत चिखल होता. सुतारपक्ष्यानं किंवा तांबटानं सोडलेलं भोक ती घरट्यासाठी घेते आणि दाराला चिखल लिंपत जाते. आपल्यापुरतीच वाट ठेवते, म्हणजे मोठं पाखरू आत शिरत नाही. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आपल्यासारखी लिंपते की!"

अशी भोकं कोवळ्या झाडात कुठून मिळणार?

बैठकीत मी मावशींसाठी अंतर्गत कर्जाचा विषय काढला. "पाखरासाठी गटाचा पैसा?" एकीनं विचारलं. प्रश्न रास्तच होता. पण उत्तर मावशींनीच दिलं. त्याच झाडाखाली त्या दर वर्षी मोहफुलं वेचतात. व्यापारी पैसे एकदाच देणार होता. थोडी कुरबुर झाली, मग कर्ज मंजूर झालं.

मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचून झाली. मेअखेर घरटं रिकामं झालं. भोकाची माती मी बोटानं खरवडून पाहिली, निघाली नाही. मावशींचे अजून दोन हप्ते बाकी आहेत.