“अहो, दुखतं”

मी फौजेतून निवृत्त झालेला कर्नल. बत्तीस वर्षं पायदळात काढली, आता इंदूरला असतो. आजच्या विषयावर बोलताना मला संकोच वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या पत्नीने हे भाषण वाचलं, त्यातली दोन वाक्यं खोडली आणि मग परवानगी दिली.

विषय असा: शरीरसंबंधाच्या वेळी बायकांना होणारी वेदना, आणि तिच्यावर फिजिओथेरपीने मिळणारी मदत.

आमचं दुसरं अपत्य १९९१ चं. प्रसूतीत टाके पडले. मी सीमेवर होतो, साडेतीन महिन्यांनी सुट्टीवर आलो. ती म्हणाली, “अहो, दुखतं.” मी म्हणालो, “होईल बरं.” पुढच्या सुट्टीतही तेच. एका डॉक्टरांकडे गेलो, तपासणीत काही सापडलं नाही. “मन रमवा,” असा सल्ला मिळाला. त्यानंतर ती काही बोलली नाही, आणि मी समजलो की बरं झालं. फौजी माणसाला सुट्टीचे दिवस मोजायची सवय असते. मीही मोजायचो. ती ते दिवस संपायची वाट बघत होती, हे मला पंचवीस वर्षांनी कळलं.

कळलं तेही माझ्या गुडघ्यामुळे. २०१७ मध्ये ऑपरेशननंतर फिजिओथेरपीला जायचो, ही सोबत यायची. तिथल्या बाईंनी हिच्या कंबरदुखीची चौकशी केली. मग विचारलं, हसताना-शिंकताना लघवीचा थेंब जातो का? मग आणखी एक प्रश्न आला, आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

आधी त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. ते बरोबरच होतं. जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस, त्वचेचे आजार अशी कारणं असू शकतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि योनीमार्ग कोरडा पडतो. तो हिचाही होताच, त्यावर मलम मिळालं. उरलं ते स्नायूंचं दुखणं.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, आतडं तिच्यावर टेकलेलं असतं. आता असं करा, हाताची मूठ घट्ट आवळा. तशीच धरून ठेवा. फौजेत पहाटे आणि तिन्हीसांजेला ‘स्टँड-टू’ होतं. सगळे हत्यारासह आपापल्या जागी तयार. थोड्या वेळाने ‘स्टँड-डाउन’ होतं. एखाद्या बाईला जखम, टाके, भीती किंवा जबरदस्तीचा अनुभव आला की हे स्नायू स्टँड-टूमध्ये जातात, आणि स्टँड-डाउनचा हुकूम येतच नाही. दुखणार या भीतीने ते आणखी आवळतात, म्हणून आणखी दुखतं. ती हे मुद्दाम करत नाही. आता मूठ सोडा. बोटं लगेच मोकळी झाली का?

हिने फोनवर बघून केगेलचे व्यायाम सुरू केले होते. डॉ. केगेल यांनी १९४८ मध्ये ते मांडले, पण ढिल्या स्नायूंना बळ यावं म्हणून. आवळलेल्या स्नायूंना आणखी आवळायला लावलं तर दुखणं वाढू शकतं. हिचं वाढलंच. बाईंनी ते थांबवले आणि श्वासापासून सुरुवात केली. पोटातून सावकाश श्वास घ्यायचा. श्वास आत जाताना ती झोळी खाली सैल होते. मग मांड्यांचे ताण, जुन्या टाक्यांच्या जागी हलका मसाज. पुढे डायलेटर, म्हणजे करंगळीएवढ्यापासून वाढत जाणाऱ्या गुळगुळीत नळ्या. त्या तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वेगाने वापरायच्या. आतून तपासणी तिची संमती असेल तरच, आणि मध्येच “नको” म्हटलं तर तिथेच थांबायचं. घरी रोज पंधरा मिनिटं. तेवढे दिवस संबंध बंद. आम्हाला सात महिने लागले. कुणाला कमी लागतील, कुणाला जास्त.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये मराठीत ‘समाजस्वास्थ्य’ काढलं, त्यापायी खटले सोसले. आणि नव्वद वर्षांनी मला बायकोसमोर ‘योनी’ हा शब्द उच्चारता येत नव्हता.

सगळ्याच फिजिओथेरपिस्टना हे काम येतं असं नाही. ‘पेल्व्हिक फ्लोअर’चं प्रशिक्षण घेतलं आहे का, हे फोनवरच विचारा. रक्तस्राव, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर आधी डॉक्टर.

मागच्या महिन्यात माझ्या पलटणीतल्या एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. लग्नाला आठ महिने झालेत. म्हणाला, “सर, ती जवळच येऊ देत नाही.” मी विचारलं, “तिला दुखतं का?” बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाला, “विचारलं नाही, सर.” मी म्हटलं, “मग माझ्याशी काय बोलतोस? फोन ठेव.”