पाहुणा मास्तर आणि मागे राहणारी बाई



ऑस्ट्रेलियाच्या नकाशाच्या जवळपास मध्यावर ॲलिस स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. उत्तरेला डार्विन दीड हजार किलोमीटर, दक्षिणेला ॲडलेडही तितकंच लांब. या गावात एक शाळा आहे. शाळेला इमारत आहे, शिक्षक आहेत, वेळापत्रक आहे. एरवी वर्गात मुलं मात्र नसतात. मुलं पसरलेली आहेत सुमारे १३ लाख चौरस किलोमीटरच्या मुलखात. आपला महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा. चार महाराष्ट्र आत बसवले तरी कडेला जागा उरेल, आणि एवढ्या क्षेत्रात या शाळेचे विद्यार्थी शंभर-सव्वाशेच्या आगेमागे. शाळेचं नाव ‘स्कूल ऑफ द एअर’, म्हणजे हवेवरची शाळा.

ही मुलं राहतात कुठे? बरीचशी ‘स्टेशन’वर. तिकडे स्टेशन म्हणजे गुरांचा किंवा मेंढ्यांचा प्रचंड मळा. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं ॲना क्रीक हे जगातलं सर्वांत मोठं गुरांचं स्टेशन. गोव्याएवढी चार राज्यं त्यात सहज मावतील. अशा ठिकाणी शेजारी ही तास-दोन तास गाडी हाकून भेटायला जाण्याची असामी. मुलाला वर्गमित्र नावाची चीज ठाऊक नसते.

नेमकी हीच गोष्ट ॲडलेड मीथ्के या बाईंच्या डोळ्यांत भरली. त्या दक्षिण ऑस्ट्रेलियात शाळा-निरीक्षक होत्या आणि ‘फ्लाइंग डॉक्टर’ या विमानातून फिरणाऱ्या वैद्यकीय सेवेच्या कामातही होत्या. १९४० च्या दशकात त्या मध्य ऑस्ट्रेलियात गेल्या, तेव्हा आडरानातली सगळी पोरं त्यांना एकाच बाबतीत सारखी वाटली: बुजरी. पाहुणा दिसला की दाराआड. आता योगायोग असा, की या पोरांच्या घरी रेडिओ होता, आणि तो नुसता ऐकायचा नव्हे, बोलायचाही. जॉन फ्लिन या पाद्र्याने १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरी इथून डॉक्टरांचं विमान सुरू केलं होतं. पण आजारी माणसाने डॉक्टरला कळवायचं कसं? त्यावर आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने १९२९ मध्ये तोडगा काढला. पायांनी पेडल मारून वीज तयार करायची आणि त्या विजेवर संदेश पाठवायचा. घराघरांत हे यंत्र पोचलं. डॉक्टरांची वेळ संपली की त्याच लहरींवर स्टेशनवरच्या बायका गप्पांचा फड जमवत. ‘गलाह’ नावाच्या कलकलाट करणाऱ्या गुलाबी-करड्या काकाकुव्यावरून त्या वेळेला ‘गलाह सेशन’ म्हणत. नाव ठेवणारा बहुधा पुरुष असावा.

बायका बोलू शकतात, तर मुलं का नाहीत? मीथ्केबाईंचा हा साधा प्रश्न, आणि ८ जून १९५१ रोजी ॲलिस स्प्रिंग्जच्या फ्लाइंग डॉक्टर केंद्रातून शाळा रीतसर सुरू झाली. मग ब्रोकन हिल, पोर्ट ऑगस्टा, मेकाथारा, कॅथरिन अशा एकेका ठिकाणी तशा शाळा निघाल्या. पुढे एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला उपग्रह आला, आणि खरखरीतून ओळखायच्या आवाजाला पडद्यावर चेहरा मिळाला.

आजच्या विषयाला इथून सुरुवात होते. कारण रेडिओ असो की उपग्रह, ही शाळा लहरींवर चालते हे अर्धंच खरं. हवेवरचा तास रोजचा थोडाच वेळ. उरलेली शाळा घरीच भरते, आणि ती घेते घरातली बाई. बहुतेकदा आई. ऐपत असेल तर पगारी ‘गव्ही’, म्हणजे शहरातून आलेली एखादी तरुण मुलगी. दोघींपैकी कुणाकडेही बहुधा शिक्षणशास्त्राची पदवी नसते. आईच्या मागे तर गुरं राखणाऱ्या गड्यांचा स्वयंपाक, हिशेब, जनरेटर आणि बागेतलं पाणी असतंच. शाळेतून छापील धडे येतात आणि ती ते पुरे करून घेते.

म्हणून या शाळेचे शिक्षक वर्षातून निदान एकदा घरोघरी जातात. याला ते ‘पॅट्रोल’ म्हणतात. काही मुलं शाळेपासून हजार किलोमीटरच्या आसपास राहतात. मास्तर किंवा बाई टोयोटात पुस्तकं, पाणी, दोन जादा चाकं, सॅटेलाइट फोन आणि ‘स्वॅग’ घेऊन निघतात. स्वॅग म्हणजे जाड कॅनव्हासची गुंडाळी, गादीसकट अंथरूण. कच्च्या रस्त्यावर आडव्या लाटा उठलेल्या असतात, छपराच्या पन्हाळी पत्र्यासारख्या. हळू गेलं तर हाडं खिळखिळी होतात, म्हणून जाणते चालक टायरमधली हवा कमी करतात आणि लाटांच्या माथ्यावरून गाडी तरंगेल असा वेग धरतात. कातरवेळी गाडी हाकायची नाही, कारण कांगारू तेव्हाच रस्त्यावर येतात. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. समोरून तीन-चार डब्यांची, पन्नास मीटरहून लांब ‘रोड ट्रेन’ आली, की बाजूला होऊन धुळीचा लोट बसेपर्यंत गप्प थांबायचं. उत्तरेकडे पावसाळ्यात रस्ते बंदच होतात. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड.

इतकं करून पाहुणा पोचतो, तर विद्यार्थी त्याला आधी वही दाखवत नाही. आधी दाखवायचं असतं ते वासरू, मग मोटारसायकल, मग कुंपणापलीकडचं तळं. वर्गखोली म्हणजे व्हरांड्याचा बंद केलेला कोपरा किंवा आवारातली वेगळी खोली: भिंतीवर नकाशा, टेबलावर संगणक, बाहेर उपग्रहाची थाळी. शिक्षक मुलाला वाचायला लावतात, पेन्सिल कशी धरतो ते बघतात, पडद्यावर न दिसलेल्या अडचणी टिपतात. पण अनुभवी शिक्षकाचा बराच वेळ जातो चहाच्या टेबलावर, त्या आईबरोबर. ‘भागाकार तो माझ्याकडून ऐकतच नाही’ ही तक्रार ऐकायची, स्वतः करून दाखवायचं, मग तिला करायला लावायचं. माझं मत विचाराल तर पॅट्रोलचा खरा विद्यार्थी मूल नव्हे, ही बाई आहे. मास्तर दोन दिवसांनी जाणार. सोमवारी सकाळी टेबलाशी तीच बसणार.

हे शहाणपण नवं नाही. क्वीन्सलँडने १९०१ मध्ये फिरता शिक्षक नेमला. बग्गीतून वस्ती-वस्तीवर जायचं, धडे लावून द्यायचे, पुन्हा काही महिन्यांनी यायचं. मधल्या काळात शिकवणारे आईबापच. पुढे १९२२ मध्ये पत्राने शिकवणारी शाळा निघाली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बग्गीवाले मास्तर थांबले.   

स्टेशनांपेक्षा आदिवासींच्या वस्त्या मात्र वेगळ्या आहेत आणि तिथे पाहुण्याची परीक्षाही वेगळी होते. ॲलिस स्प्रिंग्जहून वायव्येला जाणाऱ्या तनामी रस्त्यावर साधारण २९० किलोमीटरवर युएंडुमू आहे. वार्लपिरी भाषा बोलणाऱ्या आदिवासींचं गाव. तिथे नेहमीची शाळा आहे, वर्गात मुलं आहेत. १९७६ च्या कायद्याने या भागातली बरीच जमीन आदिवासींच्या मालकीची झाली, म्हणून बाहेरच्याने जायचं तर सहसा आधी परवाना काढायचा. गावाच्या वेशीवर दारूबंदीची पाटी. पेट्रोलपंपावर ‘ओपल’ नावाचं वेगळं पेट्रोल; पेट्रोल हुंगून पोरं बरबाद होत होती, म्हणून २००५ पासून नशा न येणारं हे पेट्रोल आणलं गेलं. गाडी त्यावर बिनतक्रार चालते.

आणि गावात कुणी वारलं असेल, तर परवाना खिशात असला तरी कार्यक्रम होत नाही. त्याला तिकडे ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात. दिवसचे दिवस दुखवटा चालतो, गेलेल्याचं नाव उच्चारत नाहीत, छायाचित्र झाकून ठेवतात. राजधानी कॅनबेरात बसून आखलेलं वेळापत्रक तिथे कुणी विचारत नाही. पाहुण्याने टोयोटा वळवावी.

अशा वस्त्यांत पाहुण्यांची वाण नसते. आरोग्यवाले, खेळवाले, पुस्तकवाले, विज्ञानवाले. कॅनबेराच्या ‘क्वेस्टाकॉन’ या विज्ञानकेंद्राची ‘सायन्स सर्कस’ १९८५ पासून देशभर फिरते. माइक गोर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी ती उभी केली. ट्रकभर हाताळायची उपकरणं आणि ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे पदव्युत्तर विद्यार्थी असा तिचा फौजफाटा राहिला आहे. कल्पना झकास आहे. नावात सर्कस असली तरी काम गंभीर आहे. पण चुरचुरीत इंग्रजीत हशा पिकवणारा तरुण वाळवंटातल्या वर्गात उभा राहिला, की दोन गोष्टी त्याच्या आड येतात.

पहिली भाषा. समोरच्या मुलांच्या घरात वार्लपिरी, लुरिचा किंवा पिचनचाचरा बोलली जाते. इंग्रजी शाळेत भेटते. दुसरी गोष्ट कान. दुर्गम भागातल्या आदिवासी मुलांत कान फुटण्याचं, मधला कान सुजण्याचं प्रमाण भयंकर आहे. एखाद्या समाजातल्या चार टक्क्यांहून अधिक मुलांचे कान सतत वाहत असतील, तर जागतिक आरोग्य संघटना ती तातडीची समस्या मानते. या वस्त्या ती रेषा कधीच ओलांडून गेल्या आहेत. म्हणजे फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या पाहुण्याचं बोलणं अनेक मुलांना धड ऐकूच येत नाही, आणि पाहुणा परत जाऊन सांगतो की मुलं लाजाळू होती. मीथ्केबाईंनाही स्टेशनवरची मुलं बुजरी दिसली होती. फरक एवढा, की त्यांनी ती बोलती होण्याची सोय केली.

या दोन्ही अडचणींवरचं उत्तर वर्गात मागे बसलेलं असतं: स्थानिक आदिवासी शिक्षिका. कुठलं मूल कमी ऐकतं, कोण कुणाचा नातलग आणि म्हणून कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, हे तिला ठाऊक. ॲलिस स्प्रिंग्ज ज्या प्रांतात येतं त्या नॉर्दर्न टेरिटरीत १९७३ मध्ये द्विभाषिक शिक्षण सुरू झालं तेव्हा अशा शिक्षिकांना मान मिळाला. त्याच दशकात बॅचलर इथल्या प्रशिक्षण संस्थेने पुढचं पाऊल टाकलं. शिकणाऱ्याला शहरात बोलावण्याऐवजी प्रशिक्षकच वस्तीत जाऊन राहू लागले. त्यातून तिथल्याच बायका पदवी घेऊन शिक्षिका झाल्या. दुर्गम शाळांसाठी झालेल्या सगळ्या प्रवासांत मला हा सर्वांत किफायतशीर वाटतो. मग ऑक्टोबर २००८ मध्ये टेरिटरीच्या सरकारने फर्मान काढलं, की रोजचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवा. ज्या बायकांवर तीस वर्षं खर्च केला, त्यांना सकाळभर दुय्यम केलं. इतका उफराटा निर्णय क्वचित सापडेल.

वार्लपिरी शाळांनी मात्र एक प्रवास सोडला नाही, आणि तो उलट दिशेचा आहे. खाणीच्या स्वामित्वधनातून वार्लपिरी बायकांच्या पुढाकाराने २००५ मध्ये शिक्षणाचा न्यास स्थापन झाला. त्याच्या मदतीने शाळेची मुलं गाड्यांत बसून रानात, आपापल्या पूर्वजांच्या जागी जातात. शिकवायला म्हाताऱ्या असतात. पाणी कुठे लागतं, कोणता कंद कधी खणायचा, कोणती गाणी कोणत्या टेकडीची, हे तिथे वार्लपिरीत शिकवलं जातं आणि परत आल्यावर वर्गात त्याचीच पुस्तकं, त्याचेच धडे होतात. बाहेरच्या पाहुण्याला बोलावलं तर त्याने मागच्या गाडीत बसायचं.

या सभागृहात शिक्षक बरेच आहेत, आणि सुट्टीत दूरच्या शाळांवर ‘उपक्रम’ घेऊन जाणारेही असतील. त्यांना एवढीच विनंती: निघण्याआधी तिथल्या बाईंना फोन करा, त्यांना काय हवंय ते विचारा, आणि पुन्हा कधी येणार ती तारीख त्याच फोनवर ठरवून टाका.