वाकडा कणा, सरळ हिशोब

(ऐकलेल्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातलं बोलणं तसंच ठेवलंय, फक्त अडखळलेलं काढलंय.)

गडमुडशिंगीतून बोलतोय, घरातल्या वरच्या खोलीतून. उजळाईवाडीचं विमानतळ आमच्या शिवाराला लागूनच आहे, त्यामुळं मध्येच विमानाची घरघर ऐकू आली तर सांभाळून घ्या.

आजचा विषय माझ्या पाठीचा. मला स्कोलिओसिस आहे. म्हणजे पाठीचा कणा एका बाजूला वळलाय. पोक निघणं वेगळं, हे वेगळं. पोक पुढं निघतं, हा बाक डावी-उजवीकडं जातो आणि जाताना मणके थोडे पिळलेही जातात. त्या पिळामुळं एका बाजूच्या बरगड्या मागं उचललेल्या दिसतात. माझी उजवी बाजू उचललीय. शर्ट घातला की कळत नाही, पण टेलरला कळतं. एकदा माप घेताना तो म्हणाला, "भाऊ, जरा सरळ उभं ऱ्हावा की." मी म्हटलं, "हेच सरळ हाय माझं."

हा बाक मोजतात तो एक्स-रेवर. कोनाला कॉब अँगल म्हणतात. 10 अंश किंवा त्याहून जास्त भरला तर स्कोलिओसिस. शंभरात दोन-तीन जणांना असतो. म्हणजे तुमच्या कॉलेजच्या एका वर्गात एक-दोघं असणारच, कदाचित त्यांना स्वतःलाही माहीत नसेल. आणि दहातल्या आठ जणांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. दप्तर जड होतं म्हणून झालं, वाकडं झोपला म्हणून झालं, मोबाईल बघून झालं, यातलं काही खरं नाही. माझ्या आईनं पंधरा वर्षं स्वतःला दोष दिला, की लहानपणी मला एकाच कडेवर घेतलं. आई ऐकत असशील तर परत एकदा सांगतो, तुझ्या कडेचा काही संबंध नाही.

मी तेरा वर्षांचा असताना हे पहिल्यांदा दिसलं ते तालमीत. गावात त्या वयाची पोरं तालमीत जायचीच, मीही जायचो. एके दिवशी जोर मारताना वस्ताद मागं येऊन थांबले. म्हणाले, "काय रं, तुझी उजवी बाजू वर आलीया बघ. घरात सांग." त्यांच्याकडं ना मशीन ना डिग्री, पण रोज वीस उघड्या पाठी बघणारी नजर होती.

एक्स-रे काढला, 28 अंश निघाले. डॉक्टरांनी सांगितलं, "पोरगा वाढतोय, दर सहा महिन्यांनी दाखवा. पट्टा लागू शकतो." घरी येईपर्यंत या वाक्याचं काय झालं माहितीय? "पोराचा कणा नाजूक हाय, जड उचलू देऊ नका." तालीम बंद. कबड्डी बंद. म्हशीची वैरणसुद्धा धाकटा भाऊ आणायला लागला. आणि जे खरं करायचं होतं, सहा महिन्यांनी दाखवणं, ते राहूनच गेलं. कारण दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे बरंय, असा आपला हिशोब.

हा हिशोब चुकीचा होता. वाढत्या वयात हा बाक न दुखता वाढतो. त्या वयात 25 ते 40 अंशांच्या दरम्यान असेल तर पट्ट्याचा, म्हणजे ब्रेसचा, उपयोग होतो. अमेरिकेत आणि कॅनडात झालेला याचा मोठा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रेस वापरणाऱ्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या हद्दीपर्यंत गेला नाही, नुसती देखरेख ठेवलेल्यांत हेच प्रमाण 48 टक्के होतं. दिवसाचे तेरा-एक तास आणि त्याहून जास्त घालणाऱ्यांचा निकाल तर नव्वद टक्क्यांच्या वर. पण हे सगळं हाडं वाढत असतानाच. वाढ संपली की ते दार बंद होतं. माझं दार बंद झालं तेव्हा मी सोफ्यावर बसून क्रिकेट बघत होतो.

चोवीसाव्या वर्षी परत एक्स-रे काढला, कारण आता दुखायला लागलं होतं. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर काम करतो मी, आठ तास उभं राहून. चार वाजले की डाव्या कमरेत कळ. एक्स-रेत 41 अंश.

रात्री मोबाईल घेऊन बसलो. तुम्हीही बसला असताच. एका रीलमध्ये कुणीतरी मान धरून कडाकडा हाडं वाजवतोय, "21 दिवसांत कणा सरळ". दुसऱ्यात ऑपरेशनचे स्क्रू. दोन्ही बघून झोप उडाली. मग एका फिजिओथेरपिस्टकडं गेलो. त्या मॅडमनी पहिल्याच दिवशी जे सांगितलं ते आजच्या भागाचं सार आहे. म्हणाल्या, "व्यायामानं तुमचा कणा सरळ होणार नाही. पण तुम्हाला सरळ कणा पाहिजे, का न दुखता काम करता येणारी पाठ पाहिजे? दुसरी मिळू शकते."

तर हा खरा हिशोब ऐका. वाढ संपताना बाक 30 अंशांच्या आत असेल तर पुढं तो सहसा वाढत नाही. 50च्या वर असेल तर मोठेपणीही हळूहळू वाढू शकतो, छातीच्या भागात साधारण वर्षाला एखादा अंश. मधले आपण, म्हणजे माझ्यासारखे, अधूनमधून मोजत राहायचं. आणि मोजण्यातही पाचेक अंशांचा फरक माणसामाणसाच्या हातानं पडू शकतो. मागच्या वर्षी माझे 43 आले तेव्हा मी घाबरलो नाही. 41 आणि 43 म्हणजे जवळपास तेच.

अमेरिकेतल्या आयोवामध्ये उपचार न घेतलेल्या रुग्णांचा जवळजवळ पन्नास वर्षं पाठपुरावा केला गेला, 2003 मध्ये तो छापून आला. त्यांना पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती, मोठा बाक असलेल्यांना दमही लागायचा. पण बहुतेकांनी नोकऱ्या केल्या, संसार केले, चारचौघांसारखं आयुष्य काढलं. हे मला चोवीसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री वाचल्या असत्या.

आणि "जड उचलू नको" याबद्दल. लामार गँट नावाचा अमेरिकन पॉवरलिफ्टर होता. त्याचा बाक एक्स-रेत बघितला तर आपणच कळवळू. त्यानं 1985 मध्ये स्वतः 60 किलो गटात असताना 300 किलोची डेडलिफ्ट मारली. वजनाच्या पाचपट! उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस, आणि पाठ नि पोट मजबूत ठेवावं लागतं हे त्यानं स्वतःच सांगितलंय. मी काय गँट नाही, तुम्हीही लगेच 300 किलोला हात घालू नका. मुद्दा एवढाच, की वाकडा म्हणजे नाजूक नव्हे.

आता मी काय करतो ते. आठवड्यातले पाच दिवस, पंचवीस मिनिटं. आधी श्वास. बसून हात डाव्या बरगड्यांवर ठेवतो. माझी ती बाजू दबलेली आहे, तिथं हवा भरून ती फुलवायची. ही कल्पना कटारिना श्रोथ या जर्मन बाईंची. त्यांना स्वतःला स्कोलिओसिस होता, आणि 1921 पासून त्या इतरांना शिकवायला लागल्या. मग रांगायच्या स्थितीत एक हात आणि उलटा पाय लांब करून थांबायचं. मग गुडघे टेकून एका कुशीवर प्लँक. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून ओढणं. शेवटी बैठका. दोरी, खुर्ची, भिंत यांचा आधार घेऊन शरीर लांबवायचं असेल तर पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी त्याचं शास्त्रच उभं केलंय, त्यांच्या पद्धतीचे शिक्षक बऱ्याच शहरांत आहेत.

एक गोष्ट महत्त्वाची. माझा बाक उजवीकडं आहे, तुमचा डावीकडं असेल, कुणाचा एस अक्षरासारखा दोन्हीकडं. कुठली बाजू किती करायची हे माझ्याकडून किंवा रीलवरून शिकू नका. दोन-तीनदा फिजिओकडं जा, तुमचा एक्स-रे समोर ठेवून शिका, मग घरी करा. आणि पायात बधिरपणा आला, ताकद कमी झाली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, किंवा रात्री झोपेतून उठवणारी कळ आली, तर व्यायाम थांबवून तडक डॉक्टरकडं.

मी 5 किलोपासून सुरुवात केली. कमरेतून न वाकता नितंब मागं नेऊन उचलायचं. दोन वर्षांत 40 किलोवर आलो. पशुखाद्याचं 50 किलोचं पोतं अजून दोघं मिळूनच उचलतो, त्यात लाज नाही. चार वाजताची कळ? आठवड्यातून एखाद्या वेळी येते. आधी रोज यायची.

एवढं सांगून थांबणार होतो, पण गेल्या दिवाळीत एक गोष्ट घडली. माझी भाची बारा वर्षांची आहे, फुटबॉल खेळते. अंगणात बुटांची नाडी बांधायला वाकली आणि मला वस्तादांची नजर आठवली. हा त्रास घराण्यात येऊ शकतो. मी म्हटलं, "पाय जुळव, हात जोडून खाली सोड, वाक बरं." मागं उभा राहिलो. उजवी बाजू थोडी वर.

एक्स-रेत 21 अंश. आक्काचा चेहरा पडला, आणि पहिलं वाक्य आलं, "आता ग्राउंड बंद." तेच वाक्य, सोळा वर्षांनी. मी म्हटलं, "आक्का, ग्राउंड चालू राहील. बंद करायची ती चालढकल." डॉक्टरांनीही तेच सांगितलं: खेळू दे, आणि सहा महिन्यांनी दाखवायला विसरू नका. 25 च्या पुढं गेलं तर ब्रेस.

पुढच्या महिन्यात तारीख आहे. काय निघेल माहीत नाही. भाची मला विचारते, "मामा, पट्टा लागला तर वरून जर्सी बसंल का?" मी म्हटलं, "एक साइज मोठी घेऊ." तारीख माझ्या मोबाईलमध्ये टाकलीय, आक्काच्याही, आणि भाचीनं स्वतःच्या वहीवर.

तुमच्या घरात दहा ते पंधरा वयाचं कुणी असेल तर आज रात्री एवढंच करा. त्यांना वाकायला सांगा आणि मागं उभं राहून बघा. अर्धा मिनिट लागतं. आणि तुमचाच कणा वाकडा असेल, तर उद्या सकाळी उठा आणि थोडं चाला.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.