गाडी लागते तेव्हा : देहाची साक्ष आणि यंत्राचा आभास



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमवेत आम्ही एकदा बेळगावहून आंबोलीमार्गे सावंतवाडीस सहलीला निघालो होतो. मी गोष्टीच्या पुस्तकात दंग होतो. घाट सुरू झाला आणि मला गाडी लागली. मुले हसली. गुरुजींनी पुस्तक मिटविले, मला पुढच्या बाकावर बसविले आणि म्हणाले, "आता रस्त्याकडे बघ." त्या साध्या उपायामागील शास्त्र मला फार उशिरा उमगले.

आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मस्तक वळले की द्रव किंचित मागे रेंगाळतो आणि वळल्याची वार्ता मेंदूस पोहोचते. घाटात पुस्तक वाचणाऱ्याचा कान म्हणतो, मी हालतो आहे. डोळा म्हणतो, सर्व स्थिर आहे. या विसंवादाची उपपत्ती रीझन आणि ब्रँड यांनी 1975 च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडली. चालकास मात्र सहसा गाडी लागत नाही. पुढचे वळण त्याच्याच हातात असते.

वाहनचालनाच्या सिम्युलेटरमध्ये हाच खेळ उलटा होतो. पडद्यावर रस्ता धावतो, वळणे येतात. आसन मात्र जागचे हालत नाही, किंवा हालले तरी अल्पसे. येथे डोळा गतीची ग्वाही देतो आणि कान ती नाकारतो. म्हणूनच सुकाणू हाती असूनही चालकाला मळमळते, घाम फुटतो, डोके जड होते.

1957 मध्ये हॅवरन आणि बटलर यांनी अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरविषयी या त्रासाची नोंद केली. तीत एक मोठे मार्मिक निरीक्षण होते : शिकाऊ वैमानिकांपेक्षा अनुभवी प्रशिक्षकांना त्रास अधिक झाला. ज्याच्या देहाला खऱ्या उड्डाणाची ओळख आहे, त्यालाच आभासातील उणीव आधी जाणवते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. तेव्हा मळमळणे म्हणजे दुबळेपणा, ही समजूत आपण सोडून द्यावयास हवी.

पुढे 1993 मध्ये केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 16 लक्षणांची प्रश्नावली सिद्ध केली. प्रत्येक लक्षणाची तीव्रता शून्य ते तीन या श्रेणीत मोजावयाची. त्रास मोजता येऊ लागला. परंतु खरा प्रश्न त्यापुढचा आहे. ज्याला मळमळते तो मान ताठ धरतो, वळणावर वेग नको तितका कमी करतो, नजर फिरविणे टाळतो. यंत्र त्याच्या चुका मोजते; वस्तुतः ते त्याचे कौशल्य नव्हे, अस्वास्थ्य मोजत असते. आणि जे प्रयोग अर्धवट सोडून उठतात, ते निष्कर्षांतून गळतात. हा त्रास वयस्कर चालकांना अधिक होतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे ज्यांच्या सुरक्षिततेसाठी संशोधन करावयाचे, तेच हिशेबाबाहेर राहण्याचा धोका!

ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. भारतात 1 जुलै 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांत सिम्युलेटर असावा लागतो. तेथे आपली मुले-मुली शिकतील. एखादीला मळमळले, तर तिला 'जमत नाही' असा शेरा देण्यापूर्वी तिला थांबू द्यावे; पहिली सत्रे अल्पावधीची ठेवावीत, कारण सरावाने हा त्रास पुष्कळांचा कमी होतो. आणि उठल्याबरोबर तिला खऱ्या रस्त्यावर गाडी चालवू देऊ नये. भोवळ काही काळ रेंगाळू शकते.

गुरुजी हजेरी घेत, तेव्हा 'हजर' म्हणणाऱ्यांपेक्षा न आलेल्यांची चौकशी अधिक करीत. प्रयोगशाळेतही हाच नियम असावा. जे शेवटपर्यंत बसले त्यांचे गुण सांगण्याआधी, मध्येच कोण उठले आणि का उठले, हे सांगितले पाहिजे.