वणव्याचा राखणदार

पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर 1997 साली अभयारण्य झाले. सुमारे 148 चौरस किलोमीटरचे हे सागाचे रान. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, खाली पाचोळा साचतो. मोहफुले वेचण्यासाठी कुणी तो पेटवला की वणवा लागतो. म्हणून अशा रानांत जाळरेषा काढतात, उंचवट्यावर टेहळणीचा मनोरा उभारतात. पाऊलवाटेने तेथवर चढून जाणारा देखावा पाहतो. राखणदार धूर शोधतो. आज आगीची वर्दी उपग्रहही देतो. पण हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपायला माणूसच लागतो, आणि तो बहुधा हंगामी मजूर. पाऊस पडला की वणव्याची भीती सरते, तशी त्याची रोजीही. रान बारा महिन्यांचे, मग राखणदार उन्हाळ्यापुरता का? मनोरा उतराल तेव्हा हा प्रश्न सोबत घेऊन उतरा.