कुंपण किती उंच असावे?

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



जमीन माझी, पैसा माझा, कुंपणही माझे. मग ते 4 फूट घालायचे की 6 फूट, हे नगरपालिकेने का सांगायचे? अमेरिकेतल्या लहानमोठ्या गावांत हा प्रश्न शंभर वर्षे विचारला जातो आहे. आज मी तोच घेऊन आलो आहे, आणि मुख्यतः न्यू जर्सी राज्याच्या आधाराने बोलणार आहे. इथे बसलेल्यांपैकी अनेकांची मुले-सुना एडिसनच्या आसपास स्थायिक आहेत. उन्हाळ्यात तुम्ही तिथे राहून येता. मुलाने घर घेतले, मागे ऐसपैस जागा आहे, नातवंडांसाठी पोहण्याचा तलाव करायचा आहे आणि टाऊनशिपच्या कचेरीत अर्ज अडकला आहे, ही तक्रार तुमच्या कानावर आली असेल. असा अर्ज का अडकतो आणि कधी तो अडकायलाच हवा, हे पाहू.

न्यू जर्सीत साडेपाचशेहून अधिक नगरपालिका आहेत आणि प्रत्येकीचे झोनिंगचे, म्हणजे जमिनीच्या वापराचे विभाग पाडण्याचे, नियम वेगळे. आकडे बदलतात, घडण सारखी असते. एका कुटुंबाच्या घरांचा विभाग ठरलेला. घर रस्त्यापासून साधारण 25-30 फूट आत. दोन्ही बाजूंना आणि मागे किती जागा मोकळी ठेवायची, तेही ठरलेले. आपल्याकडे प्लॉट घेऊन घर बांधलेल्या माणसाला ही सामासिक अंतरे तोंडपाठ असतात, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. पुढच्या अंगणातले कुंपण बहुधा 3-4 फुटांचे, तेही पुष्कळदा आरपार दिसेल असेच. मागच्या बाजूला 6 फूट चालते. कोपऱ्याच्या प्लॉटवर चौकाकडचा त्रिकोण मोकळा ठेवावा लागतो, कारण वळणाऱ्या गाडीवाल्याला पलीकडून येणारे मूल दिसले पाहिजे. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनेही याच कारणासाठी कोपऱ्यावरची भरीव भिंत चौकालगत पाऊण मीटरवर थांबवली आहे. तलाव मात्र मागच्या अंगणात, हद्दीपासून ठरावीक फूट आत, आणि त्याला कुंपण सक्तीचे.

म्हणजे एकाच नियमपुस्तकात पुढच्या कुंपणाने याहून उंच असू नये असा दंडक आहे, आणि तलावाच्या कुंपणाने याहून बुटके असू नये असाही आहे. या दोन नियमांची जात वेगळी आहे, हे मला आज ठासून सांगायचे आहे. तलावाचा नियम नुकत्याच चालू लागलेल्या मुलासाठी आहे. पुढच्या अंगणाचा नियम बऱ्याच अंशी शेजाऱ्याच्या नजरेसाठी आहे आणि कधीकधी त्याच्या मनातल्या भीतीसाठी. पहिल्यात तसूभर ढिलाई नको. दुसऱ्याला दर वेळी कारण विचारले पाहिजे.

कुंपणात कायदा शिरला कसा, ते थोडक्यात सांगतो. 1870च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉब हिलवर चार्ल्स क्रॉकर या रेल्वेसम्राटाने रस्त्यांमधला जवळजवळ सगळा चौकोन विकत घेतला. कोपऱ्यातला एक शेजारी घर विकेना. तेव्हा क्रॉकरने त्याच्या घराला तीन बाजूंनी सुमारे 40 फूट उंच लाकडी कुंपण घातले. ऊन गेले, वारा गेला. कुंपण क्रॉकरच्या स्वतःच्या जमिनीवर होते, त्यामुळे शेजाऱ्याला दाद मिळेना. असे प्रकार ठिकठिकाणी होत होते. 1887 साली मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा केला की द्वेषाने, गरज नसताना 6 फुटांपेक्षा उंच कुंपण घालणे हा शेजाऱ्याला उपद्रव मानला जाईल. 1889मध्ये त्या कायद्याला आव्हान मिळाले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी, तेव्हा त्या राज्याचे न्यायाधीश असताना, तो उचलून धरला. मालकी हक्कावर मर्यादा घालता येते, पण ती किती मोठी आहे याला महत्त्व आहे, असा त्यांचा रोख होता. हा ‘किती’चा प्रश्न मला या सगळ्या विषयाचा कणा वाटतो.

झोनिंग आले त्यानंतर. न्यूयॉर्क शहराने 1916मध्ये आपला पहिला सर्वंकष आराखडा केला. ओहायोतल्या क्लीव्हलँडलगतच्या युक्लिड गावाने 1922मध्ये तसाच नियम केला, तेव्हा अँबलर रिअल्टी या जमीनमालक कंपनीने गावाला कोर्टात खेचले. 1926 साली सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी गावाच्या बाजूने निकाल दिला. लोकांचे आरोग्य, सुरक्षितता आणि स्वास्थ्य यांच्यासाठी गाव जमिनीच्या वापराचे विभाग पाडू शकते, हे तेव्हा पक्के झाले. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियातल्या रोआनोक शहराच्या खटल्यात, घर रस्त्यापासून मागे बांधायला लावण्याचा नियमही टिकला. आज न्यू जर्सीतल्या तुमच्या मुलाच्या अर्जावर जो शिक्का बसतो, त्यामागे हे दोन निकाल आहेत.

आता तलावाकडे येतो, कारण इथे जिवाशी गाठ आहे.

अमेरिकेत 1 ते 4 वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण बुडणे हे आहे. वाहनांचे अपघात नाही, आजार नाही, बुडणे. आणि या वयातली मुले बहुतेक वेळा घरच्याच तलावात बुडतात. कुणी पोहायला नेलेले नसते. आई फोनवर असते, आजी स्वयंपाकघरात असते, परसाकडचे सरकते दार उघडे राहिलेले असते. मूल ओरडत नाही. पाणी उडवल्याचा आवाजही बहुधा होत नाही. हे ज्यांनी जवळून पाहिले, त्यांनी कुंपणाचा नियम लिहिला आहे, आणि तो वाचताना पानोपानी ते जाणवते.

कुंपण किमान 48 इंच, म्हणजे 4 फूट. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियात 5 फूट. 4 इंच व्यासाचा चेंडू कुंपणाच्या कुठल्याही फटीतून आरपार जाता कामा नये, कारण लहान मुलाचे अंग त्याहून मोठ्या फटीतून निसटते. जमीन आणि कुंपण यांच्यात गवतावर 2 इंचांहून अधिक अंतर नको. आडव्या पट्ट्या एकमेकींपासून 45 इंचांपेक्षा जवळ असतील, तर त्या पाण्याच्या बाजूला लावायच्या. बाहेरच्या बाजूला लावल्या की मुलाला आयती शिडी मिळते. फाटक तलावापासून दूर, बाहेर उघडले पाहिजे. मुलाने त्यावर भार दिला तर ते आणखी घट्ट लागावे, उघडू नये. बिजागरीत स्प्रिंग असावी, सोडले की फाटक आपोआप मिटावे आणि खटका आपोआप पडावा. खटका जमिनीपासून 54 इंचांवर, नाहीतर फाटकाच्या आतल्या अंगाला, वरच्या कडेपासून किमान 3 इंच खाली, म्हणजे बाहेरून हात घालणाऱ्या मुलाला तो पोहोचत नाही.

हे आकडे मी मुद्दाम सविस्तर सांगितले. प्रत्येक आकड्यामागे मुलाच्या हाताची लांबी आहे, चढण्याची ताकद आहे, डोक्याचा घेर आहे. इतका मायेने लिहिलेला नियम मी क्वचित वाचला आहे.

यात एक पळवाट आहे आणि तिच्याबद्दल मी कठोर बोलणार आहे. बऱ्याच ठिकाणी घराची भिंत हीच कुंपणाची चौथी बाजू धरता येते. मग परसाकडच्या दाराला अलार्म बसवतात किंवा तलावावर यांत्रिक आच्छादन घेतात. कायद्याचे समाधान होते. पण मूल बाहेरून येत नाही, घरातूनच तर येते. चारही बाजूंनी तलावाला वेगळे काढणाऱ्या कुंपणामुळे, तीन बाजूंच्या कुंपणाच्या तुलनेत, लहान मुलाच्या बुडण्याचा धोका 83 टक्क्यांनी घटतो, असे अमेरिकेची आरोग्यसंस्था सीडीसी सांगत आली आहे. तुमच्या मुलाने तलाव बांधायला काढला असेल, तर नियमात बसते म्हणून तीन बाजूंवर थांबू देऊ नका. चौथी बाजू घालायला लावा. अंगणाची शोभा थोडी उणावेल.

तलावाच्या निचऱ्यावरच्या जाळी-झाकणांचेही असेच. 2002मध्ये माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची 7 वर्षांची नात पाण्याखालच्या निचऱ्याच्या ओढीने तळाशी अडकून बुडाली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि 2007मध्ये मुलीच्याच नावाने, व्हर्जिनिया ग्रेम बेकर या नावाने, देशाचा कायदा झाला. त्यात घरगुती तलावांचाही विचार असला, तरी त्याची सक्ती सार्वजनिक तलावांवर आहे. घराच्या परसातला तलाव पुन्हा राज्याच्या आणि गावाच्या नियमांवर सोपवलेला. म्हणून गावाच्या नियमाचे मोल मोठे.

आता दुसऱ्या जातीचे नियम.

फ्लोरिडातल्या मायामी शोअर्स गावी एक जोडपे सतरा वर्षे घराच्या पुढच्या अंगणात भाजीपाला लावत होते. मागच्या अंगणात ऊन पुरेसे येत नव्हते. 2013मध्ये गावाने नियम कडक केला: भाजी फक्त मागे. रोज 50 डॉलर दंडाची धमकी आली, त्यांनी बाग उपटली आणि ते कोर्टात गेले. कोर्टात हरले. अखेर 2019मध्ये राज्याच्या विधिमंडळानेच कायदा करून गावांचा हा अधिकार काढून घेतला. पुढच्या अंगणात फुले लावली तर चालतील, गवत चालेल, वांगी चालणार नाहीत, याला सुरक्षिततेचे कोणते कारण देता येईल? मला एकही सापडत नाही. गावाला ते दिसायला नको होते, एवढेच.

भाजी उपटली गेली तर हळहळ वाटते. माणसे उपटली जातात तेव्हा काय? न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेल गावात कृष्णवर्णीयांची काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. गाव वाढू लागले तसे झोनिंग आले: मोठे प्लॉट, मोठी घरे, मोठी मोकळी अंगणे. जुन्या पडक्या घरांतल्या लोकांना परवडतील अशा 36 लहान सदनिका बांधण्याचा प्रस्ताव एथेल लॉरेन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी मांडला, तो गावाने फेटाळला. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1975 साली निकाल लागला की वाढत्या गावाने आपल्या भागातल्या गरिबांच्या घरांचा न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. झोनिंगच्या आडून तो टाळता येणार नाही. 1983मध्ये त्याच न्यायालयाने हा निकाल अधिक धारदार केला. माउंट लॉरेलमध्ये लॉरेन्स यांच्या नावाची घरे उभी राहिली 2000 साली. त्या आधीच वारल्या होत्या.

या निकालाचे मोल मी मोठे मानतो. अंगण किती मोठे असावे हा आकडा वरवर निरुपद्रवी दिसतो. कोणालाही ‘येऊ नकोस’ म्हटलेले नसते. फक्त प्लॉट इतका मोठा ठेवलेला असतो की नको असलेल्याला तो घेताच येत नाही. आपल्याकडे गृहनिर्माण संस्थांमध्ये भाडेकरूचे आडनाव आणि आहार पाहून जे चालते, त्याच्याशी याचे नाते जाणवत असेल तर ते खरे आहे.

मग दोन्ही जातींचे नियम वेगळे काढायचे कोणी? न्यू जर्सीने यासाठी एक व्यवस्था ठेवली आहे, आणि ती मला सर्वांत घेण्याजोगी वाटते. नियमातून सूट हवी असेल, म्हणजे प्लॉट वेडावाकडा आहे, उतार आहे, तलाव हद्दीपासून 10 फुटांऐवजी 7 फुटांवरच बसतो, तर नागरिकांच्या मंडळापुढे अर्ज करावा लागतो. सात सदस्य असतात, गावातलेच. अर्जदाराने आपल्या जागेपासून 200 फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी नोटीस द्यायची. जाहीर सूचनाही द्यायची. नकाशे आधीच कचेरीत पाहायला ठेवायचे. मग संध्याकाळी सभा भरते. अर्जदार शपथेवर बोलतो. शेजारी उठून विचारतो, तुमच्या तलावाचे पाणी मोठ्या पावसात माझ्या तळघरात आले तर? त्याचे उत्तर द्यावे लागते. निर्णय लेखी, कारणांसह होतो, आणि तो कोर्टात तपासून घेता येतो.

या सभांत क्षुद्रपणाही बराच असतो, हे मी नाकारत नाही. मुसलमान, हिंदू, ज्यू यांच्या प्रार्थनास्थळांना वाहतुकीचे निमित्त काढून विरोध करायला हेच व्यासपीठ वापरले गेले आहे. तरीही तिथे कारण उघड बोलावे लागते. उघड बोललेले कारण खोडता येते. आपल्या नियमावलीतही अडचणीच्या प्रकरणी सामासिक अंतरात सूट देण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. त्या सुटीआधी बाजूच्या प्लॉटवाल्याला बोलावून, त्याच्यादेखत नकाशा पसरून ऐकून घेणारी सभा तुमच्यापैकी कुणी आपल्या शहरात पाहिली आहे? ज्याच्या खिडकीसमोरचे अंतर कमी होणार, त्याला ते काँक्रीट पडल्यावर कळते. विकास आराखड्यावर हरकती घेता येतात, तशी एका घराच्या सुटीवरही घेता यायला हवी. यासाठी नवा खर्च लागत नाही. एक नोटीस आणि एक संध्याकाळ लागते.

वेळ संपत आली आहे, प्रश्नांसाठी दहा मिनिटे ठेवायची आहेत. एक काम मात्र आजच सांगून ठेवतो. नव्या संकुलांत आता तलाव सर्रास असतात. उद्या सकाळी आपल्या सोसायटीच्या तलावापाशी जा. फाटक अर्धे उघडून सोडा आणि ते आपोआप मिटते का पाहा. खटका किती उंचावर आहे ते टेपने मोजा. कुंपणाजवळ कुंडी, बाक, प्लास्टिकची खुर्ची असे चढायला काही ठेवलेले आहे का, ते बघा आणि असेल तर तेव्हाच उचलून बाजूला ठेवा. जे आढळेल ते कागदावर लिहून सचिवांना द्या, पोच घ्या. पुढच्या महिन्याच्या सभेत तो कागद विषयपत्रिकेवर आला नाही, तर मला कळवा. मी स्वतः तुमच्या सभेला येईन.